सबनीसकाकांचा विल्यम

बस उशिरा आली की सबनीसकाका घड्याळ बघत म्हणतात, "आमचा विल्यम एव्हाना चालत पोचला असता!" माझ्या बायकोला पहिले सहा महिने वाटत होतं, विल्यम म्हणजे काकांचा भाडेकरू.

विल्यम हा अठराव्या शतकातला, इंग्लंडमधल्या आमच्या ब्रिस्टल गावचा नट. काका विमानाचे पंख बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले, एकटे राहणारे. पण विल्यमबद्दल बोलतात ते सख्ख्या चुलतभावासारखं.

"कुलपं करणाऱ्याचा मुलगा, त्यात तोतरा. नाटकमंडळीत पडदे ओढायचा. एकदा राजा पिऊन आडवा झाला, म्हणून मुकुट याच्या डोक्यावर. आणि काय सांगू, तोतरेपणा गायब! पुढे तीस वर्षं राजेच केले. दात गेल्यावर म्हातारे राजे!"

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात माझा माइक ऐन प्रवेशात बंद पडला. पहिल्या रांगेतून काका कडाडले, "विल्यमकडे होता का माइक? पोटातून बोल!" बोललो. शेवटच्या रांगेतून टाळ्या आल्या.

विल्यमच्या थडग्याचा दगड चर्चच्या आवारात तुकडे होऊन पडला होता. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, सगळे फुटके दगड हलवणार, हे कळल्यावर काका पेटले. जुन्या नोंदवह्यांचं किचकट अक्षर वाचायला शिकले, नकाशे काढले, सात वर्षं पत्रं लिहिली आणि कुठले तुकडे विल्यमचे ते सिद्ध केलं. गेल्या मे महिन्यात दगड सांधून उभा राहिला.

चर्चच्या धर्मगुरू व्हिकरबाई म्हणाल्या, "मिस्टर सबनीस, दोन शब्द?" चाळीसेक माणसं जमलेली. काका दगडावर हात ठेवून हळूच मराठीत म्हणाले, "बरा दिसतोस."

कुणाला काही कळलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गाडीत मी विचारलं, "काका, एवढं सगळं कशासाठी?"

त्यांनी सीटबेल्ट लावला. "मी इथं नवा होतो ना, तेव्हा शुक्रवारी ऑफिसातून निघालो की सोमवारपर्यंत माझ्याशी कुणी बोलायचं नाही. लायब्ररीत हीटर असायचा, म्हणून जाऊन बसायचो. तिथं याचं चरित्र हाती लागलं." काचेबाहेर बघत म्हणाले, "या गावात माझ्या ओळखीचा झालेला पहिला माणूस हाच रे."

सिग्नल हिरवा झाला. त्यांच्या घराचं वळण सोडून मी सरळ आमच्या घराकडे निघालो. कुठे चाललोय, हे काकांनी विचारलं नाही.