अडकलेला वजीर

आप्पा चहाचा पहिला घोट घेऊन व्याह्यांना मात द्यायला बसले, तर फोन त्यांना पटच दाखवेना. पटाच्या जागी एक करडा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, 'तुमचे उपकरण जुने आहे. या खेळाची नवी आवृत्ती तुमच्या सिस्टिमवर चालत नाही. कृपया सिस्टिम अपग्रेड करा.' त्याखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी होतं. आप्पांनी घड्याळं दुरुस्त करतानाचं जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं. उद्या संध्याकाळपर्यंत चाल केली नाही, तर डाव प्रतिस्पर्ध्याला बहाल होणार होता.

आप्पांचा चहा तिथेच निवला. प्रतिस्पर्धी म्हणजे त्यांच्या लेकीचे सासरे, दुसऱ्या गावात राहणारे निवृत्त गणिताचे मास्तर. लेकीच्या लग्नापासून दोघं फोनवर बुद्धिबळ खेळत आले होते आणि तेव्हापासून आप्पा हरत आले होते. प्रत्येक डावानंतर व्याह्यांचा फोन येई. "वाईट वाटून घेऊ नका हं आप्पा, खेळात एकाला हरावंच लागतं." तो एक दर वेळी आपणच का, हे आप्पांना कधी विचारता आलं नव्हतं.

या डावात मात्र त्यांचा खेळ अचानक बहरला होता. चाल करायची वेळ आली की ते फोन घेऊन गच्चीच्या जिन्यात एकटेच जाऊन बसत आणि थोड्या वेळाने तजेलदार चेहऱ्याने खाली येत. यामागचं गुपित घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आप्पांना ठाऊक होतं, पण कोणी विचारल्याशिवाय बोलण्याची त्यांना सवय नव्हती. आता फक्त वजीर सरकवायचा बाकी होता. एक घर पुढे, की मास्तरांचा राजा कायमचा गप्प.

"अरे, माझा फोन अपग्रेड करून दे," त्यांनी बुटाची नाडी बांधणाऱ्या मुलाला गाठलं.

मुलगा संगणकाच्या कंपनीत होता, त्यामुळे घरातलं मिक्सरपासून दारावरच्या घंटेपर्यंत सगळं त्याच्याकडेच यायचं. त्याने फोन हातात घेऊन दोन-चार ठिकाणी बोटं मारली. "नाही होणार आप्पा. कंपनीने या फोनला अपग्रेड देणं बंद केलंय."

"कंपनी बुडाली?"

"छे, जोरात चाललीय."

"मग?"

"जुन्या फोनला थोडी वर्षं देतात. मग सोडून देतात."

"सोडून देतात? मी दुकानात आयुष्य काढलं. आजोबांच्या लग्नातलं घड्याळ घेऊन नातू आला, तरी कधी म्हटलं नाही, की तुझं घड्याळ जुनं, त्याला आता पाच वाजणार नाहीत."

"घड्याळाचं वेगळं असतं, आप्पा."

"हे बघ, हे काय लिहिलंय?" आप्पांनी फोनच्या सेटिंगमधली ओळ दाखवली. 'तुमची सिस्टिम अद्ययावत आहे.' "खेळ म्हणतो मी जुना. फोन म्हणतो मी अगदी नवा. दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

"दोघंही खरं बोलतायत," असं म्हणून मुलगा कामावर निघून गेला. संगणकवाल्यांशी बोलून कोणाचं समाधान झाल्याचं आप्पांनी आजवर पाहिलं नव्हतं.

वास्तविक यावर एक सोपा उपाय होता, आणि तो सूनबाईने जाता जाता सांगून टाकला. "आप्पा, दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरून तेवढी चाल करून टाका ना."

"चालेल. दे तुझा."

सूनबाई थबकली. या घरात फोन वरून खाली येत. नवा फोन मुलगा घेई, त्याचा जुना सूनबाईला, तिचा माईंना आणि माईंचा आप्पांना. आप्पांच्या हाती येईपर्यंत फोनची उमेद संपलेली असे. पण जो ज्याच्याकडे आला तो त्याचा, आणि त्यात दुसऱ्याने डोकं घालायचं नाही, हा घरचा अलिखित नियम होता. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करी आणि तिथे मोकळ्या वेळात रंगीत फळं फोडायच्या खेळात ती साऱ्या दुकानाच्या पुढे होती. हे सासऱ्यांना कळावं अशी तिची मुळीच इच्छा नव्हती.

"माझ्यात दुकानाची कामं असतात हो. माईंचा घ्या."

"माझ्या फोनला हात लावायचा नाही!" माई स्वयंपाकघरातून इतक्या जोरात ओरडल्या की मांजर टेबलाखाली गेलं. माईंच्या फोनमध्ये आप्पांच्या घोरण्याचं रेकॉर्डिंग होतं. आप्पा आपण घोरत असल्याचं लग्नापासून नाकबूल करत आले होते आणि माई योग्य दिवसाची वाट बघत पुरावा जमवत होत्या.

खरं सांगायचं तर आप्पांनाही परका फोन नकोच होता. परक्या फोनवर मालक शेजारी उभा राहणार आणि त्यांना ते नको होतं. "दुसऱ्याच्या हत्याराने मी कधी काम केलं नाही," ते बाणेदारपणे म्हणाले, आणि घरातल्या सगळ्यांनीच सुटकेचा निःश्वास सोडला.

अशा रीतीने आप्पांचाच फोन वर चढवणं ही साऱ्या कुटुंबाची गरज होऊन बसली. 'जागा कमी आहे' असा संदेश दिसल्यावर माईंनी जागा करायला घेतली आणि नणंदेच्या फोटोंपासून सुरुवात केली. नणंदेचं घर, नणंदेची सहल, नणंदेचा नवा सोफा, सगळं पुसून टाकल्यावर त्यांचा चेहरा बराच प्रसन्न दिसू लागला, फोन मात्र होता तिथेच राहिला. सूनबाईने तो बंद करून चालू केला, पुन्हा बंद केला, वायफायच्या डब्याला टेकवून ठेवला. शेवटी तिने तो दुकानातल्या बाटल्यांसारखा उलटा करून पाहिला, मुदतीची तारीख दिसते का म्हणून.

शेवटी आप्पाच तो घेऊन कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याचं टेबल, दिवा, चिमटे बघून त्यांना जरा माहेरी आल्यासारखं वाटलं.

"कंपनीने सोडलेल्या फोनसाठी लोक घरीच सिस्टिम बनवतात, काका," दुरुस्तीवाला म्हणाला. "ती टाकून देतो. नवी कोरी. फक्त एखादी गोष्ट बंद पडते त्यात."

"कुठली?"

"ते टाकल्यावर कळतं."

आप्पांनी मान डोलवली. पुष्कळ वर्षं गिऱ्हाइकांना त्यांनीही हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन परत आला. पडद्यावर नवी चित्रं, नवे रंग, हात लावताच झुळझुळ वाहणारी पानं. खेळाची नवी आवृत्ती गुमान उतरली. बंद पडली होती ती एकच गोष्ट. फोनवरून फोन लागत नव्हता आणि त्यावर संदेशही येत नव्हते.

"बाकी झकास चाललाय की," आप्पा म्हणाले.

पण नव्या खेळाला ओळख पटवून हवी होती. त्यासाठी तो आप्पांच्या नंबरावर संदेशाने आकडे पाठवणार होता, आणि ते आकडे घ्यायला आप्पांच्या फोनला आता कान नव्हते. संध्याकाळ होत आली. मुलगा नुकताच कामावरून आला होता. परिस्थिती ऐकून त्याने आप्पांचं सिम काढलं आणि माई "अरे, अरे" म्हणेपर्यंत त्यांच्या फोनमध्ये घातलंसुद्धा.

टिंग वाजलं. आकडे बघायला आप्पांनी घाईघाईने बोट टेकवलं आणि ते भलतीकडेच पडलं. खोलीभर एक आवाज घुमला. जड कपाट कोणीतरी फरशीवरून ओढत नेतंय, मध्येच दम खातंय आणि पुन्हा ओढतंय, असा.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"तुम्ही," माई म्हणाल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मी? शक्य नाही. हे जनावर आहे कुठलंतरी."

"अहो, मध्ये तुम्ही झोपेत 'वजीर, वजीर' म्हणताय!"

"जनावर ऐकून ऐकून शिकलं असेल. आकडे सांगा आधी!"

आकडे घातले, आणि पट उघडला. आप्पांचा वजीर जिथल्या तिथे उभा होता. माई, मुलगा, सूनबाई, सगळे खांद्यावरून वाकून बघू लागले. एवढ्या खटाटोपानंतर मास्तरांना मात देतानाचं दृश्य कोणालाच चुकवायचं नव्हतं. पण नव्या आवृत्तीने आधी सगळा डाव पहिल्यापासून आपणच खेळून दाखवायला सुरुवात केली. एका बाजूला मास्तरांचा फोटो, दुसऱ्या बाजूला आप्पांचा. मास्तरांचं प्यादं पुढे सरकलं आणि त्यांच्या फोटोशेजारी एक छोटा पिवळा दिवा लागला. घोडा निघाला, पुन्हा दिवा.

"हा दिवा कसला हो?" सूनबाईने विचारलं.

तळाशी बारीक अक्षरं होती. आप्पांनी भिंग लावलं आणि मोठ्याने वाचलं, "'दिवा म्हणजे खेळाची मदत घेऊन केलेली चाल.'" त्यांनी भिंग खाली घेतलं. त्यांचा आवाज चढला. "बघा! बघा लबाडी! इतकी वर्षं हा माणूस मशीनला विचारून खेळतोय! आणि मला सांगतो, वाईट वाटून घेऊ नका! लेकीच्या सासरची माणसं म्हणून मी गप्प बसलो, नाहीतर..."

"आप्पा," मुलगा म्हणाला, "तुमचा पण लागला."

आप्पांनी पाहिलं. डाव निम्म्यावर आला होता आणि त्यांच्या स्वतःच्या फोटोशेजारी तसाच पिवळा दिवा मिणमिणत होता. पुढच्या चालीला पुन्हा. त्याच्या पुढच्या चालीलाही. मास्तरांचे दिवे मध्येच दोन चाली विझले. तेवढ्याच त्यांनी स्वतःच्या अकलेने खेळल्या होत्या आणि तिथेच त्यांचा राजा फसला होता. आप्पांचा दिवा मात्र शेवटपर्यंत एकदाही विझला नाही. आपला थाटामाटात उभा असलेला वजीर बघून आप्पांना आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात माईंचा फोन वाजला. त्यात आप्पांचं सिम होतं आणि पलीकडे व्याही होते.

"आप्पा," मास्तरांचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता, "आमच्याकडेही आजच नवी आवृत्ती आली."

"हो का? वा."

"बघितला डाव."

"आम्हीही बघितला."

पलीकडे मास्तर दोनदा खाकरले.

"हल्ली नजर अधू झालीय हो. जरा उजेड केलेला बरा पडतो," मास्तर म्हणाले.

"अगदी. माझंही तेच."

"मग या डावाची बरोबरी समजायची का?"

आप्पांनी वजिराकडे एकदा डोळे भरून पाहिलं. एक घर पुढे, फक्त एक घर. "बरोबरी," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

"अरे," त्यांनी मुलाला हळूच विचारलं, "हे परत जुन्यावर नेता येतं का? आधीसारखं?"

"आता नाही आप्पा. आता खेळ फक्त नवाच चालतो."

माईंनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. त्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे ते गच्चीच्या जिन्यात जाऊन बसणं..."

आप्पांनी खोलीत चौफेर नजर फिरवली. मुलगा, सून, दोघांच्याही तोंडावर तोच प्रश्न होता. त्यांचा हात अजून माईंच्या फोनवरच होता. क्षणभर विचार करून त्यांनी तो उचलला आणि माईंपुढे धरला.

"ते मघाचं पुन्हा लाव गं जरा," ते मान खाली घालून म्हणाले. "नीट ऐकू दे. मला वाटतं, तो घोरणारा मीच आहे."

माईंच्या हातांनी कंबर सोडली. इतकी वर्षं वाट पाहिलेला दिवस असा अवचित समोर येऊन उभा राहिल्यावर जिना आणि दिवे कोणाच्या लक्षात राहतात? "ऐकलंत ना सगळ्यांनी? पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा," असं म्हणत त्यांनी लगबगीने फोन घेतला आणि ही कबुलीही टिपून घ्यायला रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.