पाठकोरी पत्रकं

आमच्या उपकेंद्रातल्या नंदा सिस्टर बीपी मोजायच्या आधी माणसाला पाच मिनिटं गप्प बसवतात. सरपंच असो की बँडवाला, सूट नाही. मध्ये बोललात की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे माझं बीपी आजवर मोजलंच गेलेलं नाही.

बोलणं हेच माझं काम. 'नर्सच्या भरवशावर गाव किती दिवस? डॉक्टर द्या!' हे पत्रक माझंच. मसुद्यात उद्गारचिन्हं नऊ होती. छापखानेवाल्यानं आठ कापली. पहिला गठ्ठा मी निषेध म्हणून थेट सिस्टरांच्या टेबलावर आपटला. त्यांनी एक पत्रक उलटून पाहिलं.

"मांगून कोरं हाय. अजून आनजो, बाबू."

शत्रूचं मतपरिवर्तन! मी आणखी दोन गठ्ठे पोचवले. पत्रक घरोघरी भिंतीवर लागलंय असं कानावर आलं, आणि मी फुगलो.

मग ते आमच्याच स्वयंपाकघरात दिसलं. मागणीचं तोंड भिंतीकडे. समोर जाड पेनानं काढलेला सूर्य, त्याखाली एक गोळी. चंद्र, त्याखाली फुली.

"आई, हे काय?"

"बीपीची गोळी. सकाळी एक, राती नाई. मले वाचता कुठं येते? सिस्टरनं काढून देल्लं."

"तुले बीपी हाय?"

"दिवाळीपासून. मंधात गोळी सोडलती, तं सिस्टर घरी येऊन रागावली. तुले सांगणारच होती, पण तू बोलून राह्यलता."

आरोग्याच्या हक्कावर मी तेव्हा तालुकाभर भाषणं ठोकत होतो.

दुसऱ्या दिवशी नवा मसुदा घेऊन गेलो: 'डॉक्टर द्या, सिस्टरही ठेवा.' पहिली सही सिस्टरांनीच केली.

"तुमी काऊन सही करता?"

"छातीत दुखणारा आला की मले फोनच लावत बसा लागते. डॉक्टर पाह्यजेच ना!"

"अजून काही लिहू?"

त्यांनी बाही वर सारली, पट्टा माझ्याकडे ढकलला. "साऱ्या गावाले बांधला. माह्या हाताले कोणी बांधला नाई. बांध. पण आधी पाच मिनिटं चूप."

आम्ही बसलो. दुसऱ्याच मिनिटाला त्याच बोलल्या. त्यांची लेक आष्टीला आजीपाशी शिकते. फोनवर 'हो' आन् 'नाई', एवढंच.

मी फक्त घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्या दुपारी चारदा.