मनकर्णेनं घासलेले पत्रे

काळं भांडं मनकर्णेच्या हाती लागलं, की त्याची धडगत नसे. केडगावच्या राहीबाईंची ही एकुलती लेक. कामाला वाघीण, पण घासण्याचं भलतंच वेड! तिनं घासलेल्या तव्याला भाकरी चिकटून बसायची.

आज तिला बघायला नेप्तीहून पाहुणे यायचे होते. मुलाची आई रतनबाई म्हणजे महाकठीण प्रकरण. मुलीच्या आधी तिची भांडी बघायच्या. बोटाला काळं लागलं की चहा न घेता उठायच्या. राहीबाईंनी धसकाच घेतला होता. लढाईमुळं साखर रेशनवर, तरी ती साठवून त्यांनी नानकटाईचा बेत केला.

तेव्हा बेकरीतून पत्रे घरी आणून, त्यांवर नानकटाई मांडून भट्टीवर परत न्यायची रीत होती. बेकरीवाल्या गनीभाईंनी दोन काळेभोर पत्रे दिले, ते जिवावर आल्यासारखे.

“वहिनी, पानी लावायचं न्हाई. फडक्यानं पुसा, बस्स. तूप पिऊन काळे झालेत, म्हनून तर नानकटाई अल्लाद सुटती.”

“जपते हो, भाई.”

राहीबाई पत्रे घरी ठेवून शेजारी तूप आणायला गेल्या. झालं! घरात मनकर्णा आणि पत्रे, दोघंच राहिली. राख झाली, चिंच झाली, विटेचा भुगा झाला. राहीबाई परतल्या, तर पत्र्यात त्यांना स्वतःचं कुंकू दिसलं.

“अगं भवाने, काय केलंस ह्ये!”

“इतक्या मेनचट पत्र्यावर पाव्हन्यांचं खायाचं करनार व्हय?”

भांडायला वेळ कुठं होता? दोघींनी दाटीदाटीनं नानकटाई मांडली, वर फडकं टाकलं. राहीबाईंनी खालमानेनं पत्रे भट्टीवर ठेवले आणि चक्क पळ काढला.

दुपारी पाहुणे आले. रतनबाईंनी तांब्या-पातेल्यांवरून बोट फिरवलं. काळं कुठंच लागेना, तेव्हा त्या आणखीच संशयानं बोलल्या, “आईनं घासायचं अन् लेकीचं नाव सांगायचं. असली लई घरं बघितली म्या. चला, उठा!”

तेवढ्यात डोक्यावर पत्रे घेऊन गनीभाई दारात उभे.

“वहिनी, एक नानकटाई सुटंल तर शपथ! उलथन्यानं काढली तर नुसता चुरा. आब्बांच्या हातचे पत्रे नागवे केले तुमी!”

“म्या न्हाई हो भाई,” राहीबाई रडकुंडीला आल्या. “मनकर्णेनं घासले. म्या घरात सुदिक नव्हते!”

रतनबाई वळल्या. त्यांनी पत्रा हातात घेतला, चुरा बाजूला सारला, आणि त्यात आपली नथ नीट करून घेतली.

“भट्टीचा पत्रा? अन् ह्या पोरीनं एकलीनं?”

“माझा सत्यानास एकलीनंच केला!” गनीभाई ओरडले.

“पोरगी पसंत!”

मग काय, वाट्या आल्या, चुरा वाटला गेला आणि सगळ्यांनी तो चमच्यानं खाल्ला. गनीभाईंकडं बघायला कुणाला सवड नव्हती. मुलाचे वडील आप्पासाहेब तेवढे उठले. त्यांनी गनीभाईंना हळूच ओट्यावर नेलं.

“भाई, पुन्ना काळे व्हतील का?”

“व्हतील. तूप लावायचं, तापवायचं, पुन्ना लावायचं. वरीस तरी जाईल.”

आप्पासाहेबांनी आत डोकावून पाहिलं. सासू आणि होणारी सून दुसऱ्या पत्र्याच्या कोपऱ्यात राहिलेल्या डागावर वाकल्या होत्या.

“मग एक उपकार करा,” ते कुजबुजले. “कडब्याच्या गंजीत म्या एक काळा तवा लपवलाय. घरात त्याच्यावरच भाकरी धड निघती. आजवर एकीपासून राखला. आता दोघी व्हनार. तुमच्या भट्टीमागं ठेवता का?”

गनीभाईंचे डोळे भरून आले. आपलं दुःख जाणणारा माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटला होता.

“आना, आप्पासाहेब. पन फडक्यात गुंडाळून आना. लगीन हुस्तोवर मनकर्णा हितंच हाय.”