टॉवेलाखालचा पासवर्ड

मुलाखतीच्या दिवशी सकाळी हेमांगीने कीबोर्ड पुसायला घेतला. तिच्या हातून घडलं ते एवढंच. पुढचं सगळं त्या ओल्या फडक्याने केलं.

कुकरसमोर उभं राहून शिट्टीची वाट बघत असतानाही शिट्टी झाली की जिच्या हातातला चमचा उडतो, अशा मुलीने खरं तर त्या दिवशी कशालाच हात लावू नये. पण हेमांगीला वाटलं, कॅमेऱ्यात कीबोर्ड दिसला तर? कळांच्या फटींत अडकलेला सुका जवळा दिसला तर? (कॅमेरा वर असतो आणि तो माणसाच्या तोंडाकडे बघतो, हे बी.कॉम. झालेल्या मुलीला ठाऊक असतं. पण धास्ती काही पदवी विचारून येत नाही.) तिने फडकं पिळलं आणि एकेक कळ अशी घासली, की जणू मुलाखत कीबोर्डचीच होती.

नोकरी म्हटली तर साधी. सुकी मासळी बाहेरगावी पाठवणाऱ्या माणगावच्या एका कंपनीला घरबसल्या ऑर्डरी नोंदवणारं माणूस हवं होतं. पण लग्न होऊन मुरुडला आल्यापासून हेमांगीने जिथे जिथे अर्ज केला, तिथून तिला नकारसुद्धा आला नव्हता. (नकार आला असता, तर अर्ज पोचला एवढं तरी कळलं असतं.) या कंपनीने मात्र बोलावलं होतं. अकरा वाजता, कॅमेऱ्यासमोर. आणि काम करून दाखवायचंय, तेव्हा मोबाईल चालणार नाही, संगणकच हवा.

आता त्या घरात संगणक उघडायचा एक विधी होता, आणि त्याचे पुजारी होते भागोजी.

भागोजी म्हणजे हेमांगीचे सासरे. अख्ख्या कोळीवाड्यात त्यांच्या तोडीचा दर्यावर्दी नाही, असं हेमांगीचं ठाम मत होतं, आणि कोळीवाड्याचंही थोडं कुरकुरत तेच होतं. इतरांच्या जाळ्यांत नुसता कचरा यावा आणि भागोजींच्या होडीतून घोळ नि रावस उतरावेत, असं कितीदा झालेलं. कारण भागोजींची एक जागा होती. समुद्रात. कुठे, ते त्यांनी उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलालाही नाही. गुडघे गेले तेव्हा होडी विनेशच्या, म्हणजे हेमांगीच्या नवऱ्याच्या हाती दिली. जागा नाही दिली. "होडी बापाची चालंल," म्हणाले, "जागा ज्याची त्यानं शोधावी." हेमांगीला हे फार थोर वाटे. तिला स्वतःला नवऱ्याच्या वाढदिवसाचा शर्टसुद्धा दुपारपर्यंत लपवता येत नसे.

गेल्या शिमग्याला हेमांगीचा भाऊ चिराग दिघीहून आला. त्याचीही होडी. जेवण झाल्यावर तो सहज संगणकापुढे बसला आणि नकाशा उघडून समुद्र मोठा मोठा करून बघू लागला. भागोजी पाणी प्यायला उठले होते, ते तांब्या हातात धरून तिथेच थांबले. घरात बसून दर्यात डोकावणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो निघाला व्याह्यांचा मुलगा! दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातल्या कॉम्प्युटरवाल्या गणराजला बोलावलं, संगणकाला कुलूप कसं घालतात ते शिकून घेतलं, त्याला चहा न देता बाहेर काढलं आणि पासवर्ड स्वतःच्या हाताने घातला.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की भागोजी डोक्यावरून टॉवेल घेत आणि सर्दीला वाफारा घ्यावा तसे कीबोर्डवर वाकत. हेमांगीने भिंतीकडे तोंड करायचं. ठक, ठक, ठक. मग टॉवेलातून आवाज येई, "उघारला गो." आणि हेमांगीचा दिवस सुरू होई.

त्या दिवशी ठकठक झाली. "उघारला" झालं नाही.

"सूनबाय," टॉवेल म्हणाला, "ह्यो काय बोलतोय बघ जरा."

हेमांगीने वळून पडद्याकडे पाहिलं. "पासवर्ड चुकीचा आहे म्हणतोय, बाबा."

"त्याला काय कळतंय! कालपर्यंत बरोबर व्हता."

पुन्हा ठकठक. पुन्हा चुकीचा. भागोजींनी आता कळा अशा दाबल्या, की टेबलावरची गणपतीची तसबीर हलली. चुकीचाच.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा, ठमाबाईंचा आवाज आला. त्या मांदेली साफ करत होत्या. "इसरला असंल! परवा माझ्या भावाकडं म्हनून निघाला नि भलत्याच्याच घरात जाऊन बसला. चहा पिऊन आला वर!"

"त्यानं हाक मारली म्हनून गेलो!"

"आई, बाबा विसरणार नाहीत," हेमांगी म्हणाली. पण तिचा आवाज प्रश्न विचारल्यासारखा आला.

तो आवाज भागोजींना लागला. त्यांनी टॉवेल फेकला. "अगो, मी माझं नाव इसरंन, पन ती जागा इसरंन काय?"

ठमाबाई खवल्यांनी भरलेल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जागा?"

भागोजी छताकडे बघू लागले.

"म्हंजे त्या पासवर्डात तुझी जागा हाय?"

"जीपीएसचे आकडे हायत," भागोजी पुटपुटले. "दुसरा काय घालू? ज्यो कुनालाच म्हायती न्हाय त्योच घालावा, असा गनराज बोलला."

"मी लगीन होऊन आले तवा इचारलं, तर बोललास, दर्यात हाय. पोर झाला तवा इचारलं, तर बोललास, पान्यात हाय. आनि ह्या डब्याला सांगितलास?"

"डबा कुनाला बोलत न्हाय."

"मंग आता चुकीचा हाय म्हनून कोन बोलतोय? मी?"

हेमांगीने विनेशला फोन लावला. तो होडी घेऊन पहाटेच गेलेला, फोन लागेना. गणराजला लावला. गणराज दुकान बंद करून माल आणायला माणगावला गेला होता, पण फोनवर मात्र फार मायेने बोलला. "काकांना द्या. काका, घाबरू नका. तुम्ही मला फक्त आकडे सांगा, काय चुकतंय ते मी—"

भागोजींनी फोन कापला. "बघितलास? सगले टपलेले हायत."

घड्याळ पुढे सरकत होतं. हेमांगीने नवा कुर्ता घातला होता, त्याची बाही ती मुठीत चुरगाळत होती. ती फार प्रयत्नाने म्हणाली, "राहू दे, बाबा. दुसरी येईल नोकरी." आणि हे वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच तिचं नाक लाल झालं. (हेमांगीचं नाक तिच्या आधी बोलून मोकळं होई. लहानपणापासूनची खोड.)

भागोजींनी त्या नाकाकडे पाहिलं. मग ते पडवीत गेले आणि जाळ्याच्या ढिगावर बसून समुद्राकडे बघत राहिले. हेमांगी खिडकीतून त्यांना बघत होती. एवढा मोठा माणूस, तुफानातून होडी परत आणणारा, आणि आज आपल्या एका नोकरीने त्याला असं बसवलं! तिला इतकी लाज वाटली, की ती कंपनीला 'येत नाही' असं कळवायला निघाली.

तेवढ्यात भागोजी आत आले. "ठमे, तू जरा बाहेर जा."

"मी का? ह्या घरात मी आधी आलेय!"

"तुझा भाऊ होडीवाला हाय."

"हिचा काय रिक्षावाला हाय?"

"हिची मुलाखत हाय. तुझी हाय काय?"

ठमाबाई गेल्या, पण जाताना वाटेतलं प्रत्येक भांडं वाजवून गेल्या.

भागोजी हेमांगीसमोर उभे राहिले. "पोरी, तुझ्या बापाची होडी, भावाची होडी. त्यांच्या जाल्यात काय येतं, काय न्हाय, ते मना म्हायती हाय. तरी सांगतो, तूच घालून बघ."

"नको, बाबा!" हेमांगी दोन पावलं मागे सरली. "मला नका सांगू! माझ्या तोंडावर सगळं दिसतं!"

"दिसू दे. तोंडावर आकडे न्हाय दिसत." त्यांनी टॉवेल उचलला आणि तो दोघांच्याही डोक्यांवरून घेतला. घरात तिसरं कुणी नव्हतं. पण गुपिताचा काही मान असतो की नाही? मग बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते तसे, एकेक करून, त्यांनी ते आकडे हेमांगीच्या कानात सांगितले. अडखळले नाहीत. एकदाही नाही. त्या माशांचा वास असलेल्या अंधारात हेमांगीला वाटलं, आपल्याला कुणी दागिन्यांचा डबा दिला असता तरी इतकं जड वाटलं नसतं.

तिने कॉलेजात शिकवलेल्या पद्धतीने, अक्षरांच्या वरच्या ओळीतले आकडे दाबले.

संगणक उघडला.

भागोजी टॉवेलातून बाहेर आले ते वाघासारखे. "ठमे! ए ठमे! इसरलो न्हवतो गो!"

मुलाखत घेणाऱ्या कल्पितामॅडम चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. हेमांगीने नमस्कार दोनदा केला, कारण पहिला तिला स्वतःला दिसला नाही. मग मॅडमनी एक कोष्टक पाठवलं आणि त्यात बोंबील, सोडे, सुकट यांचे किलो भरायला सांगितले. भराभर आकडे घालायचे म्हणून हेमांगीने हात उजवीकडच्या कळांवर नेला, कॅल्क्युलेटरसारख्या त्या चौकोनावर. आकडा काही उमटेना. उलट पडद्यावरची खूण बोंबलांवरून सोड्यांवर आणि सोड्यांवरून भलतीकडेच पळायला लागली.

हेमांगीने खाली पाहिलं. त्या कळांवरचा छोटा दिवा विझलेला होता. तिने कोपऱ्यातली, ते आकडे चालू-बंद करणारी कळ दाबली, दिवा लागला, आणि त्याबरोबर तिच्या डोक्यातही लागला.

बाबा आकडे इथेच दाबतात. रोज. ठक, ठक, ठक. आणि ही कोपऱ्यातली कळ सकाळी कुणी घासली? नख लावून?

म्हणजे बाबांचा पासवर्ड सकाळपासून बरोबरच होता. फक्त तो संगणकापर्यंत जातच नव्हता. टॉवेलामुळे बाबांना पडदा दिसत नव्हता आणि भिंतीमुळे तिला. उभ्या जन्माचं गुपित एका ओल्या फडक्यापायी आपल्या कानात येऊन पडलं!

"काय झालं?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही एकदम पांढऱ्या पडलात."

"काही नाही, मॅडम. एक गोष्ट कळली."

मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. "बरं. आमच्या गिऱ्हाइकांची माहिती बाहेर जाता कामा नये. गोपनीय माहिती सांभाळायचा काही अनुभव?"

"आहे," हेमांगी म्हणाली.

"किती?"

खोटं बोलणं तिला जमत नसे. "साडेदहापासून."

"सकाळी साडेदहा? आजच्या?"

"हो, मॅडम."

"आणि आहे काय ती माहिती?"

"सांगता येणार नाही, मॅडम." आणि तिचं नाक लाल झालं.

कल्पितामॅडम इतक्या हसल्या, की त्यांचा चष्मा खाली आला. नोकरी तिथल्या तिथे मिळाली.

घरात आनंदीआनंद झाला. ठमाबाईंनी मांदेली तळली. भागोजी येईल-जाईल त्याला सांगत होते, "आमच्या सूनबायला कंपनीनं घेतली!" आणि हेमांगीकडे बघून एक डोळा मिटत होते. हेमांगीने फडक्याचं सांगायला तीनदा तोंड उघडलं. तीनदा तिला आठवलं, 'इसरलो न्हवतो' म्हणताना ते कसे दिसत होते. तिन्ही वेळा तिने मांदेली खाल्ली.

दुपारी चिरागचा फोन आला. नाव बघूनच तिला घाम फुटला.

"काय गो, काय नवीन?"

"मला काही माहीत नाही!" हेमांगी ओरडली. "कुठलीही जागा मला माहीत नाही!"

पलीकडे चिराग हसू लागला. "कुठली? भागोजीकाकांची? ती पान्यातल्या खडपापलीकडची?"

हेमांगीने दार लोटून घेतलं. "तुला कसं ठाऊक?"

"अगो, सगल्यांनाच ठाऊक हाय. मुरुडपासून दिघीपर्यंत. पप्पांनी मना पहिल्यांदा होडीवर नेला ना, तवाच दाखवली. बोलले, ती भागोजीची. तिथं जालं टाकायचा न्हाय."

"मग कुणीच टाकत नाही?"

"कसा टाकनार? पप्पांची होडी एकदा फुटलेली, तवा कोन आला व्हता भर वाऱ्यात? आनि पप्पांचीच न्हाय. इचार कुनालाही." तो गंभीर झाला. "पन त्यांना बोलू नको हां. आमाला म्हायती हाय, ते फक्त त्यांनाच म्हायती न्हाय. अख्ख्या किनाऱ्याचं गुपित हाय ते."

फोन ठेवून हेमांगी कितीतरी वेळ पडवीतल्या भागोजींकडे बघत राहिली. ते जाळं विणत होते, आणि तिला वाटलं, एवढ्या होड्या ज्याच्या जागेला वळसा घालून जातात, त्याने आणखी काय मिळवायचं असतं? डोळे भरून आले. लगेच धास्तीही आली. सकाळी तिच्याकडे एकही गुपित नव्हतं. आता जागेचे आकडे होते, फडक्याची गोष्ट होती, आणि वर हे किनाऱ्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागोजी टवटवीत उठले. "काय झोप लागली गो काल!" ते म्हणाले. "एवढी वर्सं पोटात व्हता ना. तुला सांगितला नि हलका झालो."

हेमांगी सुजलेल्या डोळ्यांनी चहा गाळत होती. पण निदान आपण तोंडातून अक्षर काढलं नाही, या विचाराने तिची मान जरा ताठ झाली. आदल्या संध्याकाळी होडीवरून परतलेला विनेश शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "रात्रभर झोपेत बाबांच्या जागेचे आकडे बोलत होतीस."

तिच्या हातातली गाळणी खाली पडली.

"शेवटचा चुकत होतीस," विनेश म्हणाला. "मी सांगितला बरोबर. मग कुठे गप्प झोपलीस."