झुवैनाखाला आणि फोटोतली बाई

झुवैनाखाला इंटरनेटवरच्या बायकांची विचारपूस करते. रोज सकाळी मुलांना शाळेत पोचवलं की ती आपली मिनीबस ओमानमधल्या अझैबाच्या किनाऱ्यावर आणून लावते, फिरायला आलेल्या मला ‘सदीक’, म्हणजे दोस्त, म्हणत थर्मासमधला कहवा देते आणि मोबाइलवर ‘अरब बाई’ असं टाकून फोटो शोधते. त्या वेळी समुद्र आणि आकाश यांच्यामध्ये रेघ नसते. बस धुक्यात तरंगतेय असं वाटतं.

वाळूच्या टेकडीवर एकटी उभी असलेली बाई दिसली की खाला काळजीत पडते. “भरदुपारी इथं काय करतेस गं? पाणी आणलंस का?” सोन्याने मढलेलीला विचारते, एवढं घालून कांदा कसा चिरतेस. आमचं बोलणं मोडक्या हिंदीत, इथली मराठी माझी.

खाला स्वतः पोपटी झगा, केशरी ओढणी घालते. चेहरा कधी झाकत नाही, आणि ब्रेक नीट केले नाहीत म्हणून गाला नावाच्या भागातल्या गॅरेजवाल्यांना झापते. अशी बाई मोबाइलात सापडत नाही. आम्ही सगळ्या कामावर गेलोय वाटतं, म्हणते.

एका फोटोपाशी मात्र ती रेंगाळते. काळा नकाब, नुसते डोळे, मागे वाळू. खाली कुणी लिहिलंय ‘कैदेतली’, कुणी ‘मुकी वेदना’.

तो फोटो मी काढलाय. तेव्हा मी एका पर्यटन कंपनीत होतो आणि खाला आमच्या ऑफिसची गाडी चालवायची. वेबसाइटसाठी ओमानी बाई हवी होती, म्हणून खालालाच बोलावलं. ती आली पोपटी झग्यात. अशी नको, परदेशातल्या लोकांना पटणार नाही, असं म्हणून मी कुणाचा तरी नकाब मागून आणला आणि तिला बांधायला लावला. पुढे तो फोटो कुठे कुठे फिरला. तिला ओळखू येत नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो, रोज तिचाच कहवा पीत.

आता माझी सत्तरी उलटली. पुढच्या महिन्यात मी कायमचा चिपळूणला परततोय. न सांगता जाववेना. मागच्या गुरुवारी सांगून टाकलं.

“ठाऊक आहे,” खाला म्हणाली. “माझे डोळे मी ओळखणार नाही का, सदीक?”

मी माफी मागू लागलो, तर तिने हातानेच थांबवलं.

“ते लिहितात, ही दुःखात आहे. नवरा गेल्यापासून माझा फोटो कुणी काढलाच नव्हता. नकाबाखाली मी हसत होते.”

तेव्हा मी समोरच उभा होतो, कॅमेरा धरून.