आमचं गाव आधुनिक ठरलं

माणसाच्या विचाराचे दोन प्रकार असतात, हे शास्त्राने आता कायमचं ठरवून टाकलं आहे. पहिला आदिम. यात माणूस आधी बघतो आणि मग बोलतो. दुसरा आधुनिक. यात बघण्याचा वेळ वाचतो.

हा शोध लागला तेव्हा मी हजर होतो, कारण तो माझ्याच चायखान्यात लागला. फरगाना खोऱ्यात शरद उतरला होता. तुतीची पिवळी पानं कालव्यावर पडून एकामागं एक सासरी निघाल्यासारखी वाहत होती. अशा वेळी मॉस्कोहून प्राध्यापक ओझेरोव आले. आदिम माणूस आणि आधुनिक माणूस यांच्या डोक्यांत नेमका किती फरक असतो, ते मोजायला सरकारने त्यांना पाठवलं होतं. आमची भाषा ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे फार अदबीने चुकत. माणूस गोड. चहा थंड झाला तरी तक्रार नाही.

त्या साली वरच्या हुकुमाने गव्हाच्या शेतांत कापूस लावला होता. कापूस दिसायला फार सुंदर. शिजवायला जरा कठीण. कोठाराच्या कोपऱ्यात बियाणाचा गहू तेवढा उरला होता. त्याची राखण नोरबुता-आका, म्हणजे साऱ्या गावाचा थोरला भाऊ, करी. त्याचा मुलगा दूर कुठे कालवा खणायला नेलेला, आणि सून आयखुमोर पोटुशी. गहू टिकला तर वसंतात पेरणी, आणि अगदीच गळ्याशी आलं तर तिच्या तंदुरासाठी मूठ मूठ, असा सगळ्या गावाचा न बोललेला करार होता. तंदूर सारवताना ती गायची:

तुती झाली पिवळी, कालव्याला थंडी
बाळा, तुझ्या नानसाठी राखून ठेवीन खंडी

(या ओळी प्राध्यापकांनी उतरवून घेतल्या. तुती पिवळी होणे आणि धान्य राखणे यांत कार्यकारणसंबंध आढळला नाही, असा शेरा मारला. खंडीभर धान्य ना तिच्याकडे होतं, ना गावाकडे, ही बाब शास्त्राच्या कक्षेबाहेरची.)

पहिली परीक्षा वर्गीकरणाची. चायखान्यात बसायच्या लाकडी तख्तावर चार चित्रं मांडली: टरबूज, सुरी, ताट, पाहुणा. प्राध्यापकांनी विचारलं, यांतला वेगळा कोण?

"कुणीच नाही," नोरबुता-आका म्हणाला.

"एकजण असं म्हणतो की पाहुणा वेगळा. बाकीच्या वस्तू आहेत."

"कोण म्हणतो? त्याच्या घरी कुणी जात नसणार."

विचारलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी पाहुण्याला वेगळं काढायला साफ नकार दिला. उरलेल्या निम्म्यांनी आधी प्राध्यापकांना टरबूज कापून दिलं आणि मग नकार दिला.

दुसरी परीक्षा शुद्ध तर्काची. समुद्रकाठच्या गावांत सगळ्या बायका मासळी विकतात. मारफा समुद्रकाठच्या गावात राहते. तर मारफा काय विकते?

मग नोरबुता-आकाने आवाज खाली आणून विचारलं, "तिचा नवरा आहे का?"

"तो प्रश्न नाही, आका."

"तुमच्याकडे नसेल. परक्या बाईबद्दल चार पुरुषांत बसून मी काय बोलू? तिच्या घरी विचारा, ती सांगेल."

निकाल लागला. गाव आदिम, खालून दुसरी पायरी. (सर्वात खालच्या पायरीवर शेजारचं गाव होतं. तिथे प्राध्यापकांना एकही प्रश्न विचारू दिला नाही, नुसतं जेवायला घातलं.)

आमच्या सामुदायिक शेताचा अध्यक्ष तोश्तेमीर याला त्या दिवसापासून घास उतरेना. आधुनिक ठरलेल्या गावाला तालुक्याकडून लाल झेंडा आणि एक गॅसबत्ती मिळे. आदिम ठरलेल्या गावाचा अध्यक्ष बदलत. (बदलून कुठे नेत, हे विचारणं आदिम समजलं जाई.) त्याने फेरपरीक्षेचा अर्ज केला आणि माझ्याच चायखान्यात शिकवणीचे वर्ग काढले. भिंतीवर खडूने नियम लिहिले. जे ऐकलं ते खरं धरावं. मारफाच्या नवऱ्याची चौकशी करू नये. उत्तर देताना खिडकीबाहेर बघू नये.

गावाची प्रगती थक्क करणारी होती. महिना संपायच्या आत आमचे लोक न पाहिलेल्या बायकांबद्दल, न पाहिलेल्या गावांबद्दल बेधडक बोलू लागले. आमच्या न्हाव्याने तर मारफाच्या मासळीचा भावसुद्धा सांगितला.

एकटा नोरबुता-आका मागे राहिला. तोश्तेमीर त्याच्या हाता-पाया पडला.

"आका, एकदा हो म्हणा. तुमच्या एका जिभेपायी माझं घर उठेल."

"बघितलेलं विचार, सांगतो."

"बघितलेलं गाढवसुद्धा सांगेल!"

"मग गाढवाला बसव परीक्षेला. मी चाऱ्याचं बघतो."

फेरपरीक्षेच्या दिवशी प्राध्यापकांनी एकच प्रश्न ठेवला. सामुदायिक शेतांत गहू मुबलक असतो. तुमचं गाव सामुदायिक शेत आहे. तर तुमच्या गावात गहू कसा आहे?

गाव एका आवाजात म्हणालं, "मुबलक!" प्राध्यापकांचे डोळे भरून आले. मग ते नोरबुता-आकाकडे वळले.

"कोठार या भिंतीमागं आहे," आका उठत म्हणाला. "चला, दाखवतो."

"नको, आका. बघायचं नाही. केवळ माझ्या शब्दांवरून सांगा."

आका थांबला. समोर पाहुणा बसलेला. पांढऱ्या केसांचा, लांबून आलेला, हातात आमच्याच चहाचा पियाला. त्याचा शब्द त्याच्या तोंडावर खाली कसा पाडायचा? आमच्याकडे असं कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

"तुमच्या शब्दांवरून म्हणता," आका हळूच म्हणाला, "तर मुबलक आहे."

माणसाच्या मनाने शेकडो शतकांची मजल एका वाक्यात मारलेली शास्त्राने पहिल्यांदाच पाहिली. तोश्तेमीर रडला. न्हाव्याने टाळ्या वाजवल्या.

प्राध्यापक निघाले तेव्हा आयखुमोरने त्यांच्या हातावर एक गरम नान ठेवली. निघालेल्या पाहुण्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं? प्राध्यापकांनी तिला आपले लोकरी हातमोजे दिले आणि गाडीत बसून अहवालाला एक ओळ जोडली: गावात नान असल्याचे प्रत्यक्ष पाहिले. (साऱ्या मोहिमेत प्रत्यक्ष पाहिलेली ही एकमेव गोष्ट.)

पुढच्याच आठवड्यात तालुक्याच्या गाड्या आल्या. वसुली अधिकारी कुर्बोनोव याने झेंडा दिला, गॅसबत्ती दिली आणि मुबलक गव्हातला वरकड हिस्सा मागितला.

"साहेब, वरकड नाही. बियाणं आहे तेवढंच," नोरबुता-आका कोठाराचं दार धरून उभा राहिला. "एकदा आत डोकावून तर बघा."

"आका, हे काय? परवाच तर आधुनिक झालात. इतक्यात मागे?"

"घरात पोटुशी सून आहे, साहेब."

"अभिनंदन. पण गावाने एकमुखाने उत्तर दिलंय. तुम्हीसुद्धा. आता मी आत डोकावलो तर विचारलं जाईल, कुर्बोनोव, तुझा गावावर विश्वास नाही? की शास्त्रावर नाही?"

त्याने खरोखरच आत डोकावलं नाही. माणूस नियमाचा पक्का. पोती त्याच्या माणसांनी बाहेर काढली, आणि ती सगळी गाड्यांत बसली तेव्हा ती वरकड होती हे आपोआप सिद्ध झालं. गाड्या वळणाआड गेल्या. आयखुमोर दारात उभी होती, हातात लोकरी हातमोजे. तंदूर थंडच होता. गॅसबत्ती मात्र फार छान लागायची. तिच्या उजेडात रिकामं कोठार कानाकोपऱ्यापर्यंत स्वच्छ दिसे.

मग बर्फ पडलं. आमच्याबद्दल कुणाला काळजी वाटायचं कारण नव्हतं, कारण अहवाल छापून आला होता आणि तो शहरांत पुष्कळ वाचला गेला.

असो. तुम्ही वाचणारी माणसं आहात, तुम्हाला एक सोपा प्रश्न. विनोदी गोष्टीत कुणी उपाशी मरत नाही. आयखुमोर विनोदी गोष्टीत आहे. तर त्या हिवाळ्यात तिचं आणि तिच्या बाळाचं काय झालं?

उठू नका. इतक्या लांब येऊन बघायची काही गरज नाही.

छान. अगदी हेच उत्तर तालुक्यानेही दिलं होतं.