चौगुले सरांचा तळवा

चौगुले सर नागाला भीत नसत, गुळाला भीत. कोल्हापुरात राहून गुळाला भिणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. गुऱ्हाळं सुरू झाली की ते रस्ता बदलून कॉलेजला येत. लग्नात कुणी ताटात जिलबी टाकली तर खुर्चीसकट मागं सरकत आणि म्हणत, "भ्या वाटतंय मर्दा!"

मी मराठी शिकवायचो, ते वनस्पतिशास्त्र. घरंही शेजारी-शेजारी. नव्वदच्या दशकात त्यांनी एकच ध्यास घेतला होता: सप्तरंगी नावाच्या रानझुडपाच्या मुळीच्या अर्कानं रक्तातली साखर उतरवायची. मुळ्या वाळवणं, कुटणं, अल्कोहोलात भिजत घालणं, सगळं स्वतः करायचे. जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब पडून ते पिवळं झालं की मला चालू तासावरून ओढत नेत. "बघितलास? शरीराचा गंज खाती ही मुळी!" मग उंदरांची पाळी. मधुमेही उंदराच्या शेपटीतून रक्ताचा थेंब काढताना त्यालाच समजावत, "भिऊ नगंस बाळा, मी हाय न्हवं?" हात मात्र सरांचेच थरथरत.

मुळ्या आणायला ते पन्हाळ्याकडच्या रानात जात, तेही अनवाणी. कोडोलीची त्यांची आई झाडपाल्याची औषधं द्यायची. औषधाला जाताना पायात चप्पल नको, आधी झाडाला विचारायचं, निम्मी मुळी मातीतच ठेवायची, ही तिची शिस्त. पीएच.डी. झालेला माणूस झुडपापुढं हात जोडून "घेऊ का?" विचारायचा. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची.

साऱ्या स्टाफला त्यांनी मागं लागून साखर तपासायला लावली. स्वतःची मात्र कधीच तपासली नाही. विचारलं की, "मला काय धाड भरलीय?" म्हणून विषय उडवायचे.

एकदा रानातून ते तसेच आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, येऊन बिनसाखरेचा चहा पिऊन गेले. बघतो तर पांढऱ्या फरशीवर रक्ताची पावलं. मी मागोमाग धावलो, त्यांना कट्ट्यावर बसवलं आणि तळवा वर केला. बाभळीचा भला मोठा काटा रुतला होता.

"दुखत नाही, सर?"

"कुठं काय?" असं म्हणून त्यांनी काटा पाहिला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आईच्या साखरंचं बी असंच सुरू झालतं," ते पुटपुटले. "कळलंच न्हाई तिला. आदी पाय कापला, मग आईच गेली. त्या भ्यानंच तपासलं न्हाई रं मी. तू ये की संगं."

दवाखान्यात सुई टोचताना त्यांनी माझं मनगट घट्ट आवळून धरलं. साखर भरमसाट निघाली. डॉक्टरांनी जखम बांधली, औषधं दिली, अनवाणी फिरणं बंद केलं आणि बजावलं, "साखरेनं तळवे बधिर झालेत, घरातल्या कुणालातरी रोज बघायला सांगा."

सरांच्या घरात होतं कोण? लग्न त्यांनी केलंच नव्हतं. त्यांचं गोकुळ म्हणजे ते उंदीर, तेही कॉलेजात.

त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की सर आमच्या सोप्यात येत, चप्पल काढून पाय स्टुलावर ठेवत आणि डोळे गच्च मिटून घेत. मी चष्मा लावून, टॉर्च मारून बोटन् बोट बघायचो.

"भिऊ नका सर," मी म्हणायचो, "मी हाय न्हवं?"